फॉस्फेट बसले की पकड सुटते? गुणसूत्रातली प्रथिने आणि डीएनए

पेशीविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत हे स्पष्टीकरण हमखास सापडते: डीएनएवर ऋण प्रभार असतो, हिस्टोन प्रथिनांवर धन, म्हणून ती डीएनएला चिकटतात, हिस्टोनवर फॉस्फेट बसले की तिथे ऋण प्रभार येतो आणि पकड सैल होते. यात चूक काही नाही. पण पेशीविभाजनापाशी आलो की हे स्पष्टीकरण अडते. विभाजनाच्या मध्यावर गुणसूत्रे सर्वांत आवळलेली असतात, आणि हिस्टोनांवर सर्वांत जास्त फॉस्फेट नेमके तेव्हाच असते. सैल करणारी खूण सर्वांत घट्ट अवस्थेत का दिसावी?

याचे कारण, फॉस्फेट बसले एवढे कळून भागत नाही. ते प्रथिनाच्या कोणत्या भागावर बसले, किती बसले, जवळजवळ बसले की विखुरलेले, आणि शेजारी कोणते प्रथिन आहे, यावर सगळे ठरते.

आधी प्रभाराचा हिशेब

डीएनएच्या प्रत्येक बेसजोडीमागे दोन फॉस्फेट असतात, म्हणजे दोन ऋण प्रभार. न्यूक्लिओसोममध्ये सुमारे १४७ बेसजोड्यांचा डीएनए आठ हिस्टोनांच्या गोळ्याभोवती (एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४, प्रत्येकी दोन) साधारण १.६५ वेढे घेतो. झुरिकमध्ये करोलिन लुगर, टिमोथी रिचमंड आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली या रचनेचे २.८ अँगस्ट्रॉम तपशिलाचे चित्र मिळवले. त्यात डीएनए हिस्टोनांना मुख्यतः १४ जागी टेकलेला दिसतो. १४७ जोड्या म्हणजे सुमारे २९४ ऋण प्रभार. हिस्टोनांच्या गोळ्याचा निव्वळ धन प्रभार यातला साधारण निम्माच भाग भागवतो. उरलेला हिशेब मॅग्नेशियम, पॉलिअमाइन रेणू आणि पाचवे हिस्टोन एच१ मिळून पुरा करतात. म्हणजे न्यूक्लिओसोम मुळातच ऋण आहे, आणि शेजारचे दोन न्यूक्लिओसोम जवळ आणायला कोणाची तरी मदत लागते.

आता फॉस्फेट. कायनेज नावाचे विकर एटीपीचे शेवटचे फॉस्फेट उचलून प्रथिनातल्या सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीनच्या हायड्रॉक्सिल गटावर बसवते. फॉस्फटेज ते काढून टाकते. ही बसव-काढ उलटसुलट चालते हे दाखवल्याबद्दल एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९९२ चे नोबेल मिळाले. पेशीतल्या सामूला (७.४ च्या आसपास) सेरीनवरच्या फॉस्फेटचा प्रभार जवळजवळ उणे दोन असतो. तुलनेसाठी अ‍ॅसिटिल गट घ्या: तो लायसीनचा अधिक एक प्रभार पुसून शून्य करतो, म्हणजे फरक एकाचा. एक फॉस्फेट त्याच्या दुप्पट फरक पाडते.

प्रथिन आणि डीएनए यांची पकड मिठाच्या प्रमाणाला फार संवेदनशील असते, आणि पुढचे बरेच काही यावर अवलंबून आहे. धन प्रभाराचे प्रथिन डीएनएवर बसते तेव्हा डीएनएभोवती दाटलेले सोडियम-पोटॅशियमचे आयन मोकळे होतात. बांधणीला लागणारी ऊर्जा बरीचशी या मोकळीकीतून येते. बाहेर आधीच मीठ भरपूर असेल तर आयन सुटण्यात फायदा उरत नाही. प्रत्येक प्रभार-संपर्कामागे साधारण ०.८८ आयन सुटतो असे धरले, तर सात संपर्क असलेल्या प्रथिनाची पकड मीठ दुप्पट केल्यावर सुमारे ७० पट घटते. फॉस्फेट जेव्हा एक-दोन संपर्क मोडते तेव्हा परिणाम याच गणिताने वाढत जातो. म्हणूनच ५० मिलिमोलर मिठात दिसणारा फरक १५० मिलिमोलरला वेगळाच दिसू शकतो.

एच१: सर्वांत जास्त अभ्यासलेले उदाहरण

एच१ न्यूक्लिओसोमच्या तोंडाशी बसते, जिथे डीएनए आत शिरतो आणि बाहेर पडतो. सस्तन प्राण्यांत त्याची लांबी २०० अमिनो आम्लांच्या आसपास असते. मधला भाग घट्ट गोळीसारखा. मागची शेपटी सुमारे १०० अमिनो आम्लांची, मोकळी, आणि तिच्यात जवळपास ४० टक्के लायसीन. दोन न्यूक्लिओसोमांमधला डीएनए झाकायचे काम प्रामुख्याने ही शेपटी करते.

या शेपटीत ठरावीक जागी एक छोटा क्रम पुन्हा पुन्हा येतो: सेरीन किंवा थ्रिओनीन, मग प्रोलीन, मग कोणतेही एक, मग लायसीन. पेशीचक्र चालवणारी सीडीके ही कायनेज विकरे नेमका हाच क्रम ओळखतात. मानवी एच१.४ या उपप्रकारात विभाजनाआधीच्या काळात सेरीन १७२ आणि १८७ या जागा (आकडा म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला क्रमांक) भरतात. विभाजन सुरू झाले की थ्रिओनीन १८ (हे मात्र पुढच्या टोकावर), १४६ आणि १५४ यांचीही भर पडते. एच१ हे सीडीके१ चे इतके सोयीचे भक्ष्य आहे की पेशी विभाजनात शिरली का हे मोजायला एच१ वर किती किरणोत्सारी फॉस्फेट बसते हेच पाहिले जाई. पेशीचक्राच्या संशोधनाने (ज्याला २००१ चे नोबेल मिळाले) एच१ कितीतरी वर्षे निव्वळ मोजपट्टी म्हणून वापरले.

हिशेब करून पाहा. शेपटीत सुमारे ४० धन प्रभार. तिथल्या चारही जागी फॉस्फेट बसली तर उणे आठ. बत्तीस शिल्लक. म्हणजे एच१ डीएनएला चिकटेनासे होत नाही, धरून राहते पण कमी चिवटपणे. याचा अर्थ जिवंत पेशीत मोजल्यावर कळला. २००० साली दोन गटांनी एच१ ला चमकणारे प्रथिन जोडले, केंद्रकाचा एक ठिपका लेझरने विझवला आणि तिथे चमक किती वेळात परत येते ते पाहिले. ती काही मिनिटांत परत आली. एच३ आणि एच४ ला अशाच चाचणीत तासन् तास लागतात. म्हणजे एच१ सतत सुटते आणि दुसरीकडे बसते. कायनेज अडवणारे औषध दिल्यावर ही ये-जा मंदावली.

गर्दीच्या लोकलमधला उभा प्रवासी डोळ्यांसमोर आणा. एक हात कडीला, दुसरा खांबाला, पाठ दाराला टेकलेली. एक हात सुटला तरी तो पडत नाही. पण दोन्ही हात एकाच वेळी निसटायची शक्यता वाढते. एच१ ची शेपटी अशी अनेक जागी धरलेली असते. फॉस्फेट प्रत्येक जागेची पकड थोडी कमी करते, आणि सगळ्या जागा एकाच क्षणी सुटण्याची वारंवारता त्याहून बरीच वाढते.

फॉस्फेटच हवे की नुसता प्रभार?

याचे सर्वांत नेटके उत्तर टेट्राहायमेना या गोड्या पाण्यातल्या एकपेशीय जीवाकडून आले. मार्टिन गोरोव्स्की यांच्या प्रयोगशाळेने त्याच्या एच१ मधल्या फॉस्फेटच्या पाच जागा बदलल्या. फॉस्फेट बसणारच नाही असे रूप केले, तसेच तिथे कायमचा ऋण प्रभार असलेले रूपही केले. दुसऱ्या रूपाने जनुकांवर तोच परिणाम दिला जो खऱ्या फॉस्फेटने मिळतो. मग त्यांनी ऋण प्रभार मूळ जागेवरून हलवून एच१ मध्येच दुसरीकडे ठेवले. तरीही परिणाम तोच! मात्र प्रभार विखुरले तर नाही; ते एकत्र, पुंजक्यात असावे लागले. ही कामे २००० आणि २००२ ची.

माझ्या मते यातला दुसरा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत यायला हवा तितका येत नाही. इथे कोणतेही प्रथिन फॉस्फेटला ‘ओळखत’ नाही. धन प्रभाराच्या लांब पट्ट्यात एक ऋण बेट तयार होणे पुरेसे आहे. एकूण प्रभार किती घटला यापेक्षा तो एका जागी किती घटला हे महत्त्वाचे.

निसर्गाने हाच प्रयोग समुद्री साळूच्या शुक्रपेशीत केला आहे. तिच्या खास एच१ आणि एच२बी मध्ये सेरीन-प्रोलीन-लायसीन-लायसीन असा क्रम ओळीने येतो. शुक्रपेशी पक्व होताना सुरुवातीला त्यावर फॉस्फेट असते. पक्वतेच्या शेवटी ते काढले जाते आणि डीएनए अतिशय दाट बांधला जातो. अंड्याशी मीलन झाले की काही मिनिटांत फॉस्फेट परत बसते आणि गाठोडे उलगडू लागते. इथे पाठ्यपुस्तकातले वाक्य अक्षरशः लागू पडते. उंदरासारख्या प्राण्यांत हिस्टोनऐवजी प्रोटामिन आणि त्याआधी संक्रमण प्रथिने हे काम करतात. त्यातल्या टीपी२ वर बंगळुरूच्या एम. आर. एस. राव यांच्या गटाने केलेल्या कामातही फॉस्फेट बसल्यावर डीएनए आवळण्याची क्षमता घटल्याचे दिसले.

मग विभाजनात गुणसूत्रे घट्ट कशी?

कारण त्यांना आवळण्याचे मुख्य काम एच१ चे नाहीच. बेडकाच्या अंड्यांच्या अर्कातून एच१ काढून टाकले तरी गुणसूत्रे आवळतात, हे १९९३ मध्ये दिसले. २००५ मधल्या बारकाईच्या कामात अशी गुणसूत्रे लांबट झाली आणि वेगळी होताना गुंतली. म्हणजे एच१ आकाराला हवे, पण आवळणारी यंत्रणा वेगळी. तिचे मोठे भाग तीन: डीएनएचे फास ओढणारे कंडेन्सिन, हिस्टोनांवरचे अ‍ॅसिटिल गट निघून जाणे, आणि एटीपी घटल्यामुळे मोकळे होणारे मॅग्नेशियम, जे ऋण प्रभार झाकते.

यातल्या कंडेन्सिनकडे लक्ष द्या. त्यावरही सीडीके१ फॉस्फेट बसवते, आणि त्याने कंडेन्सिनची डीएनएला पीळ घालण्याची क्षमता वाढते. एकच विकर, एकच वेळ, एकाची पकड ढिली आणि दुसऱ्याचे काम जोरात. एच१ अशा वेळी ढिले होण्याने मधला डीएनए कंडेन्सिन आणि टोपोआयसोमरेज (डीएनएचा गुंता सोडवणारे विकर) यांना हाताळायला मोकळा मिळत असावा, हा तर्क पटण्यासारखा आहे.

विभाजनात बाकी कितीतरी प्रथिने डीएनएवरून खाली उतरवली जातात. एचएमजीएन१ न्यूक्लिओसोमवर बसते ते सेरीन २० आणि २४ च्या आसपासच्या पट्ट्याने. तिथे फॉस्फेट आले की ते बसूच शकत नाही. एचएमजीए१ डीएनएच्या अरुंद खाचेत आकड्यासारखे अडकते. सीडीके१ त्याच्या आकड्यांजवळ फॉस्फेट बसवून पकड घटवते. झिंक बोटांच्या प्रथिनांत (झिंकच्या आधाराने बनलेल्या बोटांसारख्या भागांनी डीएनए धरणाऱ्या) तर फार काटकसरीची युक्ती आहे. दोन बोटांना जोडणारा पाच अमिनो आम्लांचा दुवा (थ्रिओनीन, ग्लायसीन, ग्लुटामेट, लायसीन, प्रोलीन) शेकडो प्रथिनांत जवळजवळ सारखा असतो. त्यातल्या थ्रिओनीनवर फॉस्फेट बसले की बोटे डीएनएवर नीट जुळत नाहीत. इकारोस या प्रथिनात हे २००२ मध्ये दाखवले गेले.

शेपटीवर बसले की गाभ्यात, फरक मोठा

एच३ च्या थ्रिओनीन ११८ चे उदाहरण घ्या. ही जागा न्यूक्लिओसोमच्या मध्यरेषेजवळ, हिस्टोन आणि डीएनए यांच्या अगदी संपर्कात आहे. तिथे फॉस्फेट बसवून मोजल्यावर बांधणी सुमारे २ किलोकॅलरी प्रति मोल कमकुवत झाल्याचे दिसले. आकडा किरकोळ वाटेल, पण खोलीच्या तापमानाला १.४ किलोकॅलरी म्हणजे दहापट फरक. २ म्हणजे जवळपास ३० पट. एच३ चे टायरोसीन ४१ डीएनएच्या प्रवेशद्वाराशी आहे. तिथल्या फॉस्फेटने टोकाचा डीएनए अधिक वेळा सुटा होतो.

याउलट सेरीन १०. विभाजनाची सर्वांत प्रसिद्ध खूण हीच, ऑरोरा बी या कायनेजची. पण ती एच३ च्या बाहेर लोंबणाऱ्या शेपटावर आहे आणि डीएनएची पकड ती थेट फारशी बदलत नाही. तिचे काम शेजाऱ्याशी आहे. लगतच्या लायसीन ९ वर तीन मिथिल गट असले की एचपी१ नावाचे प्रथिन तिथे बसते. सेरीन १० वर फॉस्फेट आले की मिथिल गट जागेवर असूनही एचपी१ निघून जाते. मिथिल खूण राहते, वाचणारा उठतो, आणि विभाजन संपून फॉस्फेट निघाले की तो परत येऊन बसतो. स्मृती न पुसता तात्पुरते मौन पाळण्याची ही पद्धत मला या विषयातली सर्वांत हुशार वाटते.

खुद्द एचपी१ वरही फॉस्फेट बसते, आणि तिथे अजून एक वळण आहे. त्याच्या पुढच्या टोकावर फॉस्फेट असले की नुसत्या डीएनएला ते कमी चिकटते, पण मिथिल खूण असलेल्या न्यूक्लिओसोमला मात्र अधिक नेमके ओळखते. म्हणजे पकड घटली की काम बिघडलेच असे नाही. कुठेही चिकटण्याची सवय मोडून योग्य जागी बसणे साधते.

तुटलेल्या डीएनएजवळ एच२एएक्स (एच२ए चा एक उपप्रकार) च्या सेरीन १३९ वर बसणारे फॉस्फेट तर डीएनए सोडवण्यासाठी नसतेच. ते दुरुस्ती करणाऱ्या एमडीसी१ ला बोलावते, आणि तुटलेल्या जागेपासून लाखो बेसजोड्यांपर्यंत पसरते.

प्रयोगात काय बिघडते

शुद्ध एच१ वर सीडीके१ ने फॉस्फेट बसवून डीएनएची पकड मोजायची, हा सर्वसाधारण प्रयोग. पहिली चूक मोजमापातच होते. एच१ मध्ये ट्रिप्टोफॅन नसते आणि टायरोसीन साधारण एकच, त्यामुळे २८० नॅनोमीटरला शोषण जवळजवळ शून्य. प्रथिन मोजायचा ब्रॅडफर्ड रंग लायसीन-आर्जिनीनला धरतो, म्हणून तो एच१ भरमसाट दाखवतो. २०५ किंवा २१४ नॅनोमीटरला मोजा, किंवा माहीत असलेल्या एच१ शेजारी जेलवर चालवून तुलना करा. आणि जेलवर २१-२२ किलोडाल्टनचे एच१ ३० च्या वर दिसले तर घाबरू नका. प्रभारामुळे ते हळू धावते.

दुसरी चूक एटीपीची. किरणोत्सारी चाचणीच्या जुन्या कृतीत एटीपी ५० ते १०० मायक्रोमोलर असते, कारण तिथे नुसता संकेत हवा असतो. तुम्हाला प्रत्येक रेणूवर प्रत्येक जागा भरायची आहे. ५ मायक्रोमोलर एच१ आणि सहा जागा म्हणजे ३० मायक्रोमोलर फॉस्फेट नुसते खपणार, आणि तयार होणारे एडीपी विकराला अडवणार. १ मिलिमोलर एटीपी, १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, ३० अंश सेल्सिअस, दोन-तीन तास, आणि मध्यावर ताजे कायनेज. मग मास स्पेक्ट्रोमीटरवर पाहा: प्रत्येक फॉस्फेटमागे वस्तुमान ८० डाल्टनने सरकते, आणि किती रेणूंवर किती बसली याची शिडी स्वच्छ दिसते. निम्म्याच रेणूंवर फॉस्फेट असेल तर उरलेले निम्मे आधी डीएनएवर बसतात आणि ‘काही परिणाम नाही’ असा खोटा निष्कर्ष हाती येतो. हा प्रकार समजुतीपेक्षा जास्त वेळा घडतो.

कायनेज मिश्रणातून काढणे सोपे आहे, कारण एच१ ५ टक्के पर्क्लोरिक आम्लात विरघळलेले राहते आणि बहुतेक इतर प्रथिने खाली बसतात. नंतर ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्लाने एच१ खाली आणा आणि थंड अ‍ॅसिटोनने धुवा. सेरीन-थ्रिओनीनवरचे फॉस्फेट हे आम्ल सोसते. हिस्टिडीनवरचे सोसत नाही. ते शोधत असाल तर या वाटेला जाऊच नका. तुलनेचा नमुना हवा तो एटीपीविना, पण बाकी सगळ्या पायऱ्यांतून गेलेला. दुसरा हवा तो लॅम्डा फॉस्फटेजने फॉस्फेट काढलेला. त्याला १ मिलिमोलर मँगनीज लागते. फॉस्फेट काढल्यावर पकड परत आली तरच फरक फॉस्फेटचा.

पकड मोजताना डीएनए एक-दोन नॅनोमोलर ठेवा आणि प्रथिन वाढवत न्या. एच१ साध्या प्लास्टिकला चिकटते, म्हणून कमी चिकटणाऱ्या ट्यूब आणि ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर अल्ब्युमिन. मीठ फार कमी असेल तर फॉस्फेट असो वा नसो, सगळेच बसते आणि दोन्ही नमुने सारखे दिसतात. एच१ फार झाले तर डीएनएसकट गोळा होऊन जेलच्या खाचेतच अडकते. ती पट्टी ‘घट्ट बांधणी’ म्हणून मोजू नये. १०० ते १५० मिलिमोलर मिठाच्या दोन-तीन पायऱ्यांवर मोजलेले असेल तरच आकड्यांची तुलना करता येते. आणि नुसता डीएनए पुरेसा नाही. एच१ ची खरी जागा न्यूक्लिओसोम आहे. तिथे ते एनएपी१ सारख्या सोबती प्रथिनाच्या मदतीने बसवावे, नाहीतर गोळे होतात.

पेशीतून काढताना घाई करावी लागते. फॉस्फटेज मिनिटांत काम उरकतात. त्यांना अडवायला सोडियम फ्लोराइड, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट आणि शक्यतो ओकाडाइक आम्ल, सगळे बर्फावर. ऑर्थोव्हॅनाडेट टायरोसीनच्या फॉस्फटेजसाठी. ते डीटीटी (क्षपण करणारे रसायन) किंवा ईडीटीए (धातूचे आयन पकडणारे रसायन) यांच्यासोबत टाकले तर निकामी होते.

सेरीनच्या जागी ग्लुटामेट घालून ‘कायमचे फॉस्फेट’ बनवण्याची सोय सर्वांना आवडते. टेट्राहायमेनात ती चालली, कारण तिथे नुसत्या प्रभाराचा प्रश्न होता. पण ग्लुटामेटचा प्रभार उणे एक, फॉस्फेटचा जवळजवळ उणे दोन, आणि आकारही वेगळा. एमडीसी१ सारखी प्रथिने फॉस्फेटला खिशात बसवून ओळखतात. ती ग्लुटामेटला फसत नाहीत. म्हणून ग्लुटामेटने परिणाम दिसला नाही, तर फॉस्फेटचा परिणाम नाही असे म्हणता येत नाही. गाभ्यातल्या जागांसाठी, जसे थ्रिओनीन ११८, प्रथिनाचे तुकडे रसायनाने जोडून खरे फॉस्फेट बसवावे लागते. त्रास मोठा, पण पर्याय नाही.

शेवटी प्रतिपिंडे. स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीत विभागणाऱ्या पेशी मोजायला सेरीन १० च्या फॉस्फेटवरचे प्रतिपिंड वापरतात, इतके ते भरवशाचे आहे. तरी लायसीन ९ वर अ‍ॅसिटिल किंवा थ्रिओनीन ११ वर दुसरे फॉस्फेट असले, तर काही प्रतिपिंडांना सेरीन १० दिसतच नाही. संकेत गायब झाला म्हणजे फॉस्फेट गेले असे लिहिण्याआधी शेजारच्या खुणा वेगळ्या तपासाव्यात, किंवा तोच नमुना मास स्पेक्ट्रोमीटरवर घालावा.